आंशिक विकलन शिकताना: कोण हलतंय, कोण थांबलंय

एका चलाचं विकलन हाताला बसलेलं असतं आणि मग समोर दोन-तीन चलांचं फंक्शन येतं, सोबत ∂ हे शेपूट वळवलेलं नवं चिन्ह. पहिली समजूत अशी होते की आता नियमांची आणखी एक लांबलचक यादी पाठ करावी लागणार. तशी यादी कुठेच नाही. घातांकाचा नियम, गुणाकाराचा, भागाकाराचा, चेन रूल, सगळे जुनेच. नवीन आहे तो एक प्रश्न: या क्षणी कोणतं चल हलतंय आणि कोणती थांबवून ठेवली आहेत? हा विषय शिकताना आणि पुढे इतरांच्या वह्या बघताना मला ज्या अडचणी दिसल्या, त्यांतल्या बहुतेक या प्रश्नाचं उत्तर न देताच पुढे गेल्यामुळे आलेल्या होत्या.

लेखात चलांसाठी क्ष, य, झ ही अक्षरं घेतली आहेत आणि फंक्शनसाठी फ, ग. गुणाकार दाखवायला मध्ये टिंब आहे: क्ष·य. ई म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया, लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, आणि कोन रेडियनमध्ये.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- घातांक, साइन, कॉस, ई^क्ष आणि लॉग यांचे साधे विकलज तोंडपाठ. इथे अडखळत असाल तर आधी चार-सहा दिवस तेच करा. पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे.
- चेन रूल. नुसता माहीत असून भागत नाही, न विचार करता वापरता आला पाहिजे.
- दोन रंगांची पेनं किंवा एक पेन आणि एक पेन्सिल. कारण दुसऱ्या पायरीत कळेल.
- साधा कॅल्क्युलेटर, ताळा करण्यासाठी.
- जमल्यास जिओजेब्रासारखं त्रिमितीय आलेख काढणारं मोफत साधन. नसलं तरी काही अडत नाही.

१. आधी अर्थ, मग चिन्ह

डोंगरउतारावर उभे आहात असं समजा. सरळ पूर्वेला एक छोटं पाऊल टाकलं तर उंची किती बदलते, हा एक प्रश्न. उत्तरेला टाकलं तर किती, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. एकीकडे चढ आणि दुसरीकडे उतार असेल. उंची हे फंक्शन, पूर्व-पश्चिम अंतर क्ष, उत्तर-दक्षिण अंतर य. पूर्वेकडच्या चढाचा दर म्हणजे ∂फ/∂क्ष आणि उत्तरेकडचा ∂फ/∂य. पूर्वेला जाताना उत्तरेकडे जराही सरकायचं नाही, हीच अट महत्त्वाची.

व्याख्या हेच सांगते. बिंदू (अ, ब) असेल तर

∂फ/∂क्ष = [फ(अ + ह, ब) − फ(अ, ब)] / ह, ह शून्याकडे जात असताना.

दोन्ही ठिकाणी ब जसाच्या तसा आहे, तिकडे नीट बघा. ह फक्त पहिल्या जागी मिळवला आहे. आलेखाच्या भाषेत, य = ब या सपाट प्रतलाने पृष्ठभाग कापला की एक वक्र मिळतो आणि आपण त्या वक्राचा चढ मोजतो. म्हणजे प्रश्न पुन्हा एका चलाचाच झाला.

∂ या चिन्हाचं काम साध्या विकलनापासून वेगळेपण दाखवणं. आंशिक विकलजासाठी ते लजांद्रने १७८६ मध्ये वापरलं, नंतर स्वतःच सोडून दिलं आणि १८४१ मध्ये याकोबीने पुन्हा आणल्यावर ते रुळलं. कुणी ते ‘डेल’ वाचतात, कुणी ‘डो’, कुणी ‘पार्शल’. कसंही वाचा, पण त्याच्या जागी सरळ डी लिहू नका. नवव्या पायरीत या दोन चिन्हांची उत्तरं वेगळी येताना दिसतील.

२. थांबवलेल्या चलांवर खूण करा

हे उदाहरण घेऊ, पुढे अनेकदा लागेल:

फ(क्ष, य) = ३क्ष²·य + ५य³ − ७क्ष + ४

∂फ/∂क्ष काढायचा आहे. विकलन सुरू करण्याआधी पदावलीतल्या प्रत्येक य भोवती दुसऱ्या रंगाने गोल करा. गोल केलेलं सगळं आता साधा आकडा आहे, जसा ५ किंवा ७. मनाला पटत नसेल तर य च्या जागी तात्पुरता १० लिहून बघा: ३०क्ष² + ५००० − ७क्ष + ४. याचं विकलन तुम्ही सहज कराल: ६०क्ष − ७. आता १० चा पुन्हा य करा: ६क्ष·य − ७. झालं.

सुरुवातीच्या आठवड्यात गोल करण्याचा कंटाळा करू नका. लहान मुलांसारखं वाटतं, पण तीन चलं आणि दोन कंस एकत्र आले की हाच गोल वाचवतो. पुढे सवय झाली की आपोआप सुटतो.

३. बेरजेतला स्थिरांक जातो, गुणाकारातला राहतो

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा थांबू.

य हा स्थिरांक, स्थिरांकाचं विकलन शून्य, म्हणून य असलेलं प्रत्येक पद शून्य, अशी साखळी डोक्यात तयार होते. तिच्यातली शेवटची कडी चूक आहे. वरच्या उदाहरणात क्षच्या सापेक्ष विकलन करताना:

- ५य³ एकटंच उभं आहे, त्यात क्ष कुठेच नाही. क्ष हलला तरी ते हलत नाही, म्हणून शून्य.
- ३क्ष²·य मध्ये य हा क्ष² चा गुणक आहे. ३क्ष² चं विकलन ६क्ष, आणि य गुणक म्हणून सोबत राहतो: ६क्ष·य.
- −७क्ष चं −७.
- ४ चं शून्य.

म्हणून ∂फ/∂क्ष = ६क्ष·य − ७.

आता भूमिका बदला. क्ष थांबला, य हलतोय. ३क्ष²·य मध्ये ३क्ष² हा गुणक आणि य चं विकलन १, म्हणून ३क्ष². ५य³ चं १५य². −७क्ष एकटं आहे, शून्य. ४ शून्य.

∂फ/∂य = ३क्ष² + १५य²

जे पद पहिल्यांदा गायब झालं ते दुसऱ्यांदा परत आलं आणि उलटही झालं. प्रत्येक विकलनाची सुरुवात मूळ फंक्शनपासून करायची असते. ∂फ/∂क्ष चं उत्तर घेऊन त्याचंच य च्या सापेक्ष विकलन करणाऱ्यांना भलतंच काही मिळतं; त्याला वेगळा अर्थ आहे, तो सातव्या पायरीत येईल.

पदाकडे बघून एकच प्रश्न विचारा: यात हलणारं चल आहे का? नसेल तर पद शून्य. असेल तर बाकीचं सगळं गुणक, ते तसंच खाली उतरवा.

४. नियम निवडताना पुन्हा तोच प्रश्न

कोणता नियम लागणार हे फंक्शनच्या दिसण्यावरून ठरत नाही. कोण हलतंय त्यावर ठरतं. याचा सर्वांत स्वच्छ नमुना:

ग(क्ष, य) = क्ष^य, क्ष शून्यापेक्षा मोठा.

क्ष हलत असेल तर घातांक स्थिर आहे, क्ष⁵ सारखं. घातांकाचा नियम: ∂ग/∂क्ष = य·क्ष^(य−१).
य हलत असेल तर पाया स्थिर आहे, २^य सारखं. घातांकी फंक्शनचा नियम: ∂ग/∂य = क्ष^य·लॉग क्ष.

फंक्शन एकच, नियम दोन. हे उदाहरण मनापासून समजलं की निम्मा विषय झाला, असं माझं मत आहे.

भागाकारातही असंच. क्ष/(क्ष + य) यात क्ष हलतो तेव्हा तो वर आणि खाली दोन्हीकडे आहे, म्हणून भागाकाराचा नियम लावा. उत्तर: य/(क्ष + य)². पण य हलतो तेव्हा वरचा क्ष नुसता गुणक आहे. मग पूर्ण नियम कशाला? क्ष·(क्ष + य)^(−१) असं लिहा, उत्तर लगेच मिळतं: −क्ष/(क्ष + य)². भागाकार दिसला की डोळे मिटून मोठा नियम लावणारे बरोबर उत्तराला पोहोचतात, पण तिप्पट शाई खर्च करून, आणि वाटेत एखादं वजा चिन्ह हरवून.

चेन रूलमध्ये बाहेरचं फंक्शन दोन्ही वेळा सारखंच वागतं, फरक आतल्या विकलनात पडतो. साइन(क्ष²·य) घ्या:

- क्षच्या सापेक्ष: कॉस(क्ष²·य) गुणिले आतल्याचं विकलन २क्ष·य. म्हणजे २क्ष·य·कॉस(क्ष²·य).
- य च्या सापेक्ष: कॉस(क्ष²·य) गुणिले क्ष². म्हणजे क्ष²·कॉस(क्ष²·य).

कॉसच्या आतलं क्ष²·य तसंच राहतं. ते कॉस(२क्ष·य) करून टाकण्याचा मोह फार जणांना होतो. ई^(क्ष·य) मध्येही तेच: क्षच्या सापेक्ष य·ई^(क्ष·य). पुढे आलेला य विसरला की उत्तर वरवर बरोबर दिसतं, म्हणूनच तो विसरला जातो.

तीन चलं असली तर काहीच बदलत नाही. एक हलतं, दोन थांबतात. क्ष·य²·झ³ चे तीन विकलज: य²·झ³, २क्ष·य·झ³ आणि ३क्ष·य²·झ².

एक सोय. फंक्शनमध्ये क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी ते तसंच राहत असेल, उदाहरणार्थ लॉग(क्ष² + य²), तर एकच विकलज काढा: २क्ष/(क्ष² + य²). दुसऱ्यासाठी उत्तरात अक्षरांची अदलाबदल करा: २य/(क्ष² + य²).

५. बिंदूवरची किंमत

‘(१, २) या बिंदूवर ∂फ/∂क्ष काढा’ असं विचारलं असेल तर आधी विकलन, मग किंमत. आपल्या उदाहरणात ६·१·२ − ७ = ५, आणि ∂फ/∂य = ३ + ६० = ६३.

क्ष = १ आधीच भरलात तर विकलन करायला काही उरतच नाही. पण थांबवलेल्या चलाची किंमत आधी भरलेली चालते, आणि हे कुणी फारसं सांगत नाही. फ(क्ष, २) = ६क्ष² + ४० − ७क्ष + ४; विकलज १२क्ष − ७; क्ष = १ ला ५. लांबलचक फंक्शनमध्ये य = ० असेल तर निम्मी पदं आधीच उडतात. मात्र पुढे त्याच फंक्शनचा य च्या सापेक्ष विकलजही हवा असेल तर मूळ फंक्शनकडे परत जा, य भरलेली प्रत वापरू नका.

६. आकड्यांनी ताळा करा

उत्तरपत्रिका नसेल तेव्हा काय करायचं, याचं उत्तर व्याख्येतच आहे. छोटा ह घ्या आणि मोजा.

फ(१, २) = ६ + ४० − ७ + ४ = ४३. आता क्ष थोडा हलवा, य = २ च ठेवा:

फ(१.०१, २) = ४३.०५०६
फरक भागिले ०.०१ = ५.०६

आपलं उत्तर ५ होतं, जवळ आलं. अजून चांगला ताळा हवा तर दोन्ही बाजूंना हलवा. फ(०.९९, २) = ४२.९५०६, (४३.०५०६ − ४२.९५०६)/०.०२ = ५. य साठी फ(१, २.०१) = ४३.६३३००५ आणि फ(१, १.९९) = ४२.३७२९९५, फरक १.२६००१, भागिले ०.०२ म्हणजे ६३.०००५. उत्तर ६३ पक्कं.

ताळ्यासाठी बिंदू निवडताना ० आणि १ शक्यतो टाळा. वर मी सोपं जावं म्हणून क्ष = १ घेतला, पण १ ला क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात आणि घातांकाची चूक लपून जाते. २ किंवा ३ बरे.

संगणकावर ताळा करायचा तर वुल्फ्रम अल्फा आहे, पायथन येत असेल तर सिम्पाय. माझा आग्रह एवढाच की आधी कागदावर उत्तर लिहा, मग यंत्राला विचारा. यंत्राचं उत्तर वेगळ्या रूपात असलं म्हणून लगेच स्वतःचं खोडू नका. दोन्हींत एकाच बिंदूचे आकडे भरून बघा. रूप वेगळं आणि किंमत एकच, असं वारंवार होतं.

७. दुसऱ्या कोटीचे विकलज

∂फ/∂क्ष हेसुद्धा क्ष आणि य यांचं फंक्शनच आहे, म्हणून त्याचं पुन्हा विकलन करता येतं. आपल्या उदाहरणात:

∂²फ/∂क्ष² = ६य
∂²फ/∂य² = ३०य
क्ष आधी, य नंतर: ६क्ष·य − ७ चं य च्या सापेक्ष विकलन = ६क्ष
य आधी, क्ष नंतर: ३क्ष² + १५य² चं क्षच्या सापेक्ष विकलन = ६क्ष

शेवटचे दोन मिश्र विकलज सारखे आले. नेहमीच्या फंक्शनांत असं होतंच, कारण दुसऱ्या कोटीचे मिश्र विकलज त्या बिंदूच्या आसपास अस्तित्वात आणि तिथे सलग असले की क्रमाने फरक पडत नाही. क्लेरो आणि श्वार्त्झ यांची नावं या प्रमेयाला जोडलेली आहेत. विद्यार्थ्याला याचा रोकडा फायदा: दोन्ही क्रमांनी काढा, जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे. फुकटचा ताळा.

अट मात्र खरीखुरी आहे. पेआनोचं प्रसिद्ध उदाहरण बघा: क्ष·य·(क्ष² − य²)/(क्ष² + य²), आणि आरंभबिंदूवर किंमत ०. क्ष = ० या रेषेवर ∂फ/∂क्ष ची किंमत −य येते, आणि य = ० या रेषेवर ∂फ/∂य ची किंमत क्ष. म्हणून आरंभबिंदूवर एका क्रमाने −१ मिळतो, दुसऱ्या क्रमाने १. नवशिक्याला असं फंक्शन रोज भेटत नाही, पण ‘नेहमीच सारखे’ असं लिहू नका.

चिन्हाचा सापळा: ∂²फ/∂य∂क्ष मध्ये विकलन उजवीकडून सुरू होतं, आधी क्ष मग य. फच्या पायाशी क्ष-य अशी छोटी अक्षरं लिहिण्याची पद्धत असेल तिथे मात्र डावीकडून, आधी क्ष मग य. क्रम तोच, लिखाण उलटं.

सरावासाठी लॉग(क्ष² + य²) उत्तम. ∂²/∂क्ष² येतो २(य² − क्ष²)/(क्ष² + य²)², आणि ∂²/∂य² येतो २(क्ष² − य²)/(क्ष² + य²)². बेरीज शून्य. म्हणजे आरंभबिंदू सोडून हे फंक्शन लाप्लासचं समीकरण पाळतं.

८. काय थांबवलंय ते लिहून ठेवा

आतापर्यंत चलं ठरलेली होती, म्हणून ‘बाकीची सगळी थांबली’ एवढं म्हणणं पुरत होतं. एकाच गोष्टीचं वर्णन दोन प्रकारच्या चलांनी करता येतं तेव्हा ते पुरत नाही. चांगले हुशार लोकही इथे गोंधळतात.

ध्रुवीय सहनिर्देशक घ्या: क्ष = र·कॉस थ, य = र·साइन थ. र हे आरंभबिंदूपासूनचं अंतर, थ हा कोन.

∂क्ष/∂र = कॉस थ. सरळ आहे.

आता ∂र/∂क्ष किती? एका चलाची सवय म्हणते, उलटं आहे, म्हणजे १/कॉस थ. मोजून बघू. र = √(क्ष² + य²), त्यामुळे ∂र/∂क्ष = क्ष/√(क्ष² + य²) = क्ष/र = कॉस थ. व्यस्त नाही, तोच!

कारण साधं आहे. पहिल्या विकलनात थ थांबला होता: कोन न बदलता सरळ बाहेरच्या दिशेने सरकायचं. दुसऱ्यात य थांबला होता: आडव्या रेषेवर सरकायचं. वाटाच वेगळ्या, मग दर एकमेकांचे व्यस्त का असावेत? दोन्हीकडे थ थांबवलात तर र = क्ष/कॉस थ, आणि विकलज १/कॉस थ येतो. तेव्हा व्यस्ताचा नियम पुन्हा लागू होतो. थोडक्यात, ∂र/∂क्ष या चिन्हात अर्धी माहिती लिहिलेली असते, उरलेली अर्धी वाचणाऱ्याने ओळखायची असते.

ऊष्मागतिकीतले लोक या बाबतीत शहाणे. ते विकलजाभोवती कंस घालतात आणि थांबवलेली राशी कंसाच्या पायाशी लिहितात. आदर्श वायूचं समीकरण घ्या: द·घ = क·त, जिथे द दाब, घ घनफळ, त तापमान आणि क स्थिरांक. तीन विकलज काढू, प्रत्येकात वेगळी राशी थांबवून:

- तापमान स्थिर: ∂द/∂घ = −क·त/घ²
- दाब स्थिर: ∂घ/∂त = क/द
- घनफळ स्थिर: ∂त/∂द = घ/क

तिन्हींचा गुणाकार: −क·त/(द·घ) = −१. अपूर्णांकांसारखं ∂ कापत गेलात तर उत्तर +१ यायला हवं होतं. आलं −१. ∂द/∂घ हा भागाकार म्हणून वाचायचा नसतो. एक अखंड चिन्ह म्हणून वाचा आणि कापाकापी करू नका.

तुमच्या विषयात चलं बदलण्याची वेळ येत असेल तर प्रत्येक ∂ शेजारी ‘य स्थिर’ किंवा ‘थ स्थिर’ असं शब्दांत लिहायची सवय लावा. गुण कापले जात नाहीत.

९. चलं एकमेकांवर अवलंबून असतील तेव्हा

फ = क्ष·य आहे आणि शिवाय य = क्ष² आहे असं समजा. ∂फ/∂क्ष = य, म्हणजे क्ष². पण य ची किंमत भरून मग विकलन केलं तर क्ष³ चं ३क्ष² मिळतं. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे. पहिल्यात य जबरदस्तीने थांबवला. दुसऱ्यात क्षसोबत य ला हलू दिलं. दुसऱ्याला पूर्ण विकलज म्हणतात आणि तो सरळ डी वापरून लिहितात.

दोन्ही चलं तिसऱ्या ट वर अवलंबून असतील तर प्रत्येक वाटेने आलेला बदल मिळवायचा. फंक्शनला इथे उ म्हणू, आणि ′ म्हणजे ट च्या सापेक्ष साधा विकलज असं धरू:

उ′ = (∂उ/∂क्ष)·क्ष′ + (∂उ/∂य)·य′

उ = क्ष²·य, क्ष = ट², य = ट³ घेऊन पडताळा. २क्ष·य·२ट + क्ष²·३ट² = ४ट⁶ + ३ट⁶ = ७ट⁶. थेट भरलं तर उ = ट⁷, विकलज ७ट⁶. एखादी वाट मोजायची राहून जाणं ही इथली नेहमीची चूक, म्हणून उ पासून ट पर्यंतच्या सगळ्या वाटा रेघांनी काढून घ्या आणि वाटा मोजा. जितक्या वाटा तितकी पदं.

अप्रकट समीकरणातही हेच. क्ष² + य² + झ² = ९ मध्ये झ हे क्ष आणि य यांचं फंक्शन माना. क्षच्या सापेक्ष विकलन, य थांबलेला: २क्ष + २झ·(∂झ/∂क्ष) = ०, म्हणून ∂झ/∂क्ष = −क्ष/झ. बिंदू (१, २, २) वर −१/२. इथे झ वर गोल करायचा नाही, तो थांबलेला नाही. क्षसोबत तोही हलतो.

जाता जाता एक इशारा. एका चलात विकलज असला की फंक्शन सलग असतंच. इथे ती हमी नाही. क्ष·य/(क्ष² + य²), आरंभबिंदूवर ०, हे दोन्ही अक्षांवर शून्य आहे, त्यामुळे तिथले दोन्ही आंशिक विकलज ० आहेत. पण क्ष = य या रेषेवरून आलात तर किंमत सतत १/२. फंक्शन आरंभबिंदूवर सलग नाही. दोन दिशांची चौकशी केली म्हणून सगळ्या दिशा कळल्या असं होत नाही.

१०. स्वतः करून बघा

उत्तरं खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा. प्रत्येकाचे सगळे पहिल्या कोटीचे विकलज काढा, आणि किमान एकाचा सहाव्या पायरीप्रमाणे आकड्यांनी ताळा करा.

अ) क्ष⁴·य − २क्ष·य³ + ९य
आ) क्ष·ई^(य·झ)
इ) य·ई^(क्ष/य)
ई) आर्कटॅन(य/क्ष), आर्कटॅन म्हणजे टॅनचं व्यस्त फंक्शन
उ) क्ष·य + य·झ + झ·क्ष = ११ असताना बिंदू (१, २, ३) वर फक्त ∂झ/∂क्ष

उत्तरं:

अ) क्षच्या सापेक्ष ४क्ष³·य − २य³, य च्या सापेक्ष क्ष⁴ − ६क्ष·य² + ९.
आ) ई^(य·झ), क्ष·झ·ई^(य·झ), क्ष·य·ई^(य·झ).
इ) क्षच्या सापेक्ष ई^(क्ष/य), य च्या सापेक्ष (१ − क्ष/य)·ई^(क्ष/य). दुसऱ्यात गुणाकाराचा नियम आणि चेन रूल दोन्ही लागतात. क्ष/य चं य च्या सापेक्ष विकलन −क्ष/य² आहे, वजा चिन्ह तिथूनच येतं.
ई) −य/(क्ष² + य²) आणि क्ष/(क्ष² + य²).
उ) य + य·(∂झ/∂क्ष) + झ + क्ष·(∂झ/∂क्ष) = ०, म्हणून ∂झ/∂क्ष = −(य + झ)/(क्ष + य) = −५/३. −२/३ आला असेल तर झ·क्ष या पदातला पहिला भाग, म्हणजे क्षच्या विकलनाने मिळणारा झ, मोजायचा राहून गेलाय. −५/२ आला असेल तर झ·क्ष मधला दुसरा भाग, म्हणजे क्ष·(∂झ/∂क्ष), राहून गेलाय.